घरी म्हणजे कुणाच्या घरी?

लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी फोनवर आईला सांगते, "अगं, मी घरीच आहे." आई क्षणभर थांबते आणि विचारते, "कुठल्या घरी? सासरी पोचलीस का?" मराठी घरांत हा संवाद इतका रोजचा आहे की त्यात काही विशेष आहे असं कुणाला वाटत नाही. 'घरी' या शब्दाला स्वतःचा पत्ता नसतो. बोलणारा जिथे असेल तिथला पत्ता तो घेतो. 'इथे', 'शेजारी', 'आपल्याकडे' हे शब्द त्याच जातीचे. बोलणाऱ्याचा ठावठिकाणा ऐकणाऱ्याला माहीत आहे तोवर सगळं सुरळीत चालतं. बोलणाऱ्याने जागा बदलली आणि वाक्य मात्र तेच ठेवलं, की घोटाळा होतो.

संगणकाच्या जगात असा एक शब्द आहे, लोकलहोस्ट. आकड्यांत लिहायचा तर 127.0.0.1. अर्थ एवढाच, की 'मी ज्या यंत्रात आहे तेच यंत्र'. मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळते. लिहून झालेलं सॉफ्टवेअर उभं करायचं आणि ते पडू द्यायचं नाही, हे माझं काम. सुट्टीच्या दिवशी इंजिनिअरिंगच्या मुलामुलींना हेच शिकवते. 'कंटेनर एकमेकांशी बोलत नाहीत' असे फोन मला वर्षानुवर्षं येत आहेत. ते ऐकता ऐकता माझं एक मत पक्कं झालं आहे. या बिघाडांच्या मुळाशी बहुतेक वेळा ज्ञानाची कमतरता नसते. 'हे वाक्य कोण बोलतंय आणि कुठून बोलतंय' हा प्रश्न कुणी विचारलेला नसतो. तो न विचारता केलेले उपाय अनेकदा मूळ बिघाडापेक्षा जास्त नुकसान करतात.

कंटेनर हे नाव बंदरावरून आलं. 26 एप्रिल 1956 रोजी 'आयडियल एक्स' नावाचं जहाज 58 ॲल्युमिनियमच्या पेट्या घेऊन अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं आणि मालवाहतुकीचं रूप पालटलं. आपल्याकडे उरणजवळ न्हावा-शेवाला 1989 साली बंदर सुरू झालं. मुंबई-पुणे रस्त्यावर ज्यांच्या मागे आपण अडकतो ते लांबलचक ट्रेलर तिथलेच. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नसतं. माप ठरलेलं असलं की झालं. सॉफ्टवेअरवाल्यांना हीच कल्पना भावली. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च 2013 मध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत पाचेक मिनिटांच्या भाषणात डॉकर पहिल्यांदा जाहीरपणे दाखवलं. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका पेटीत भरा, मग ती पेटी कुठल्याही यंत्रावर ठेवा, ती चालेल, असं ते वचन होतं.

वचन बऱ्याच अंशी पाळलं गेलं. उपमा मात्र एका जागी फसवी निघाली, आणि नवशिके नेमके तिथेच अडखळतात. बंदरावरच्या पेट्या एकमेकींशी बोलत नाहीत. एकीत कापूस, दुसरीत यंत्राचे सुटे भाग. त्यांची गाठ पडायचं कारणच नसतं. सॉफ्टवेअरच्या पेट्यांचं जगणंच बोलण्यावर आहे. वेबसाइटची पेटी एपीआयच्या पेटीला विचारते, एपीआयची पेटी डेटाबेसच्या पेटीला. आणि लिनक्स प्रत्येक पेटीला नेटवर्कच्या दृष्टीने स्वतंत्र घर देतं. तिचे पोर्ट वेगळे, बाहेर जायच्या वाटा वेगळ्या, आणि 127.0.0.1 सुद्धा तिचा तिचा. पूर्वी हेच तीन प्रोग्राम एका लॅपटॉपवर थेट चालायचे तेव्हा सगळे एका घरात राहायचे. 'डेटाबेस घरीच आहे' असं एपीआयने म्हटलं तर ते खरं होतं. कंटेनर आले आणि एकत्र कुटुंबाची तीन बिऱ्हाडं झाली. कोडमधलं वाक्य अक्षरशः तेच राहिलं आणि खोटं ठरलं.

मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर आम्ही दोघी बसलो होतो. ती संध्याकाळ मला अजून स्वच्छ आठवते. तीन कंटेनर होते. रिॲक्टमधला पुढचा भाग, नोडमधला एपीआय आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. तिन्ही एकत्र उभे करणारी डॉकर कंपोजची फाईल नीट लिहिलेली, तिन्ही कंटेनर हिरवे. तरी एपीआय सारखा पडत होता. लॉगमध्ये शेवटची ओळ होती, 'कनेक्शन रिफ्यूज्ड, 127.0.0.1:5432'. तिने कुठेतरी वाचलं होतं की लोकलहोस्ट काढून तिथे सर्व्हिसचं नाव लिहायचं. ते बरोबरच होतं. कंपोज सगळ्या कंटेनरांसाठी एक नेटवर्क आपोआप बांधतं आणि त्या नेटवर्कपुरती नावांची एक वहीही ठेवतं. कंटेनरच्या आतून 127.0.0.11 या पत्त्यावर ती वही असते. 'डीबी कुठे राहतो?' असं तिला विचारलं की ती डेटाबेसच्या कंटेनरचा पत्ता देते. मुलीने सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोधून जिथे जिथे लोकलहोस्ट होतं तिथे तिथे त्या त्या सर्व्हिसचं नाव घातलं. एपीआय उठला, डेटाबेसला जोडला गेला. तिने टाळी वाजवली आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं. पान आलं, यादी आली नाही. आता ब्राउझर म्हणत होता, 'एपीआय' नावाचं कुणी मला सापडत नाही.

"मॅडम, आत्ताच तर चाललं होतं. तोच बदल केलाय मी दोन्हीकडे."

तोच बदल दोन्हीकडे केला होता, हेच तर बिघाडाचं कारण होतं. रिॲक्टचा कोड कंटेनरमधून येतो खरा, पण चालतो तो ब्राउझरमध्ये. ब्राउझर तिच्या लॅपटॉपवर होता, कंपोजच्या नेटवर्कच्या बाहेर. नावांची ती वही ब्राउझरला दिसतच नाही. त्याच्यासाठी एपीआय खरोखर लोकलहोस्टवर होता, कारण कंपोज फाईलने 3000 नंबरचा पोर्ट लॅपटॉपवर उघडून दिला होता. म्हणजे एकाच प्रोजेक्टमध्ये एका ठिकाणी लोकलहोस्ट चूक होतं आणि दुसऱ्या ठिकाणी बरोबर. 'लोकलहोस्ट वापरू नका' हा नियम पाठ केलेल्याला हे कधीच उलगडणार नाही. मी तिला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, "कोड विसर थोडा वेळ. कोण कुठे राहतं ते काढ."

नेटवर्कचा बिघाड शोधण्याची विद्या म्हणजे मुख्यतः वाचनाची विद्या आहे असं मी मानते. यंत्र आपल्याला फार काही सांगत असतं, आपण ते न वाचता पुढे जातो. कुणाच्या तरी शोधात आपण चाळीत गेलो आहोत असं समजा. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने सांगितलं, 'या नावाचं इथे कुणी राहत नाही', तर दार ठोठावायचा प्रश्नच येत नाही. आपण नाव चुकीचं घेतलं आहे, किंवा चुकीच्या दुकानात विचारतो आहोत. 'नेम नॉट रिझॉल्व्ड' म्हणजे हे. दार सापडलं, ठोठावलं, आणि आतून तत्काळ 'इथे नाही' असं उत्तर आलं तर तो 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. हा नकार म्हणजे मोठी शुभवार्ता असते. बहुधा तुम्ही कुठल्यातरी खऱ्या यंत्रापर्यंत पोचला आहात, वाट मोकळी आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत बसलेलं नाही. मग प्रश्न उरतो, हे घर तरी बरोबर आहे का? त्या मुलीचा एपीआय स्वतःच्याच घराचं दार वाजवत होता आणि स्वतःच 'इथे डेटाबेस नाही' म्हणत होता. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे काहीच उत्तर न येणं, 'टाइम्ड आउट'. वाटेत कुणी अडवतं आहे, किंवा आपण भलत्याच गावाला निघालो आहोत. तीन वाक्यं, तीन वेगळी ठिकाणं. प्रत्यक्षात या तिन्हींना मुलं एकाच शब्दात सांगतात, "कनेक्ट होत नाहीये."

यंत्र कधीकधी दिशाभूलही करतं, आणि तेव्हा जास्त बारकाईने पाहावं लागतं. पायथनमधल्या फ्लास्कचा विकासासाठीचा सर्व्हर काही न सांगता सुरू केला तर तो फक्त 127.0.0.1 वर ऐकतो, म्हणजे फक्त घरातल्यांची हाक. कंटेनरमध्ये घरात दुसरं कुणीच नसतं. बाहेरून आलेल्या हाकेला तो ओ देत नाही. पण लॅपटॉपवरून पाहिलं तर दार उघडं दिसतं, कारण दारात डॉकरचाच एक मध्यस्थ उभा असतो. तो हाक स्वीकारतो, आत कुणी ओ देत नाही हे कळल्यावर लगेच बोलणं तोडतो. ब्राउझर 'कनेक्शन रीसेट' म्हणतो. पोर्ट जोडलेला, कंटेनर चालू, सर्व्हरचा लॉग स्वच्छ. माणूस तासन्‌तास पोर्टचे आकडे उलटसुलट करत बसतो. उपाय म्हणजे सर्व्हरला 0.0.0.0 वर ऐकायला सांगणं, घराच्या सगळ्या दारांशी. आणि निदान म्हणजे कंटेनरच्या आत जाऊन तिथून हाक मारून बघणं. आतून ओ येते, बाहेरून येत नाही. एवढं कळलं की संशयाची जागा एका उंबरठ्यापुरती उरते. मी मुलांना सांगते, तर्क करायच्या आधी जागा बदलून बघा. जो कंटेनर तक्रार करतोय त्याच्या आत शिरा आणि त्याच्या जागेवरून तोच प्रश्न विचारा.

सगळेच बिघाड 'कुठे'चे नसतात, काही 'कधी'चे असतात. पोस्टग्रेसचा कंटेनर सुरू झाला म्हणजे तो बोलायला तयार झाला असं नाही. कंपोजमधली 'डिपेंड्स ऑन' ही ओळ साध्या रूपात फक्त सुरू होण्याची वाट बघते. तयारीची वाट बघायची तर हेल्थचेक लिहून तशी अट घालावी लागते. हे एकदा कळलं की विसरत नाही, म्हणून इथे रेंगाळत नाही.

खाजगी पत्त्यांचा घोळ मात्र जास्त खोल आहे. फेब्रुवारी 1996 च्या आरएफसी 1918 या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन पट्टे खाजगी वापरासाठी राखून ठेवले. त्यांतला एक 172.16 पासून 172.31 पर्यंतचा, 10,48,576 पत्त्यांचा. हे पत्ते जगात एकमेव नसतात. 'दुसरा मजला, डावीकडची खोली' हा पत्ता प्रत्येक इमारतीत असतो, तसंच यांचं. डॉकर आपल्या नेटवर्कांना पत्ते याच पट्ट्यातून द्यायला सुरुवात करतं, 172.17 पासून. आता समजा तुमच्या ऑफिसचा सर्व्हर 172.20 च्या घरात आहे आणि घरून व्हीपीएन लावून तुम्ही त्यावर काम करता. एक दिवस आणखी एक प्रोजेक्ट उभा करता, डॉकर त्याला 172.20 चा पट्टा देऊन टाकतं, आणि ऑफिसचा सर्व्हर नाहीसा होतो. सर्व्हर जागच्या जागी असतो. तुमच्या लॅपटॉपला मात्र आता वाटतं की हा पत्ता आपल्याच घरातला आहे, त्यामुळे तो हाक बाहेर सोडतच नाही. ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला तुम्ही दोष देता, तो तुमच्या इंटरनेटला देतो. लॅपटॉपच्या वाटांचा तक्ता उघडला तर दोन ओळींत सगळं लिहिलेलं असतं.

इथवरचं सगळं एखाद्याला केवळ कारागिरीचं वाटेल. मला त्यात नैतिक प्रश्न दिसतो. निदान न करता उपाय करण्याची जी सवय या क्षेत्रात बोकाळली आहे, तिची किंमत तिसराच माणूस भरतो. मी जिथे पूर्वी काम केलं तिथे एका रात्री एपीआय डेटाबेसला जोडला जात नव्हता. कुणीतरी सुचवलं, सगळं पाडून नव्याने उभं करू. पाडण्याच्या आज्ञेला 'व्ही'चं शेपूट जोडलं गेलं. ते शेपूट कंटेनरांबरोबर त्यांचे व्हॉल्यूमही पुसतं, म्हणजे डेटाबेसचा सगळा साठा. बॅकअप चार दिवसांपूर्वीचा होता. चार दिवस लोकांनी भरलेल्या नोंदी गेल्या. मूळ चूक सर्व्हिसच्या नावातली होती, एका अक्षराची.

त्याहून वाईट म्हणजे न दिसणारं नुकसान. एपीआयला डेटाबेस सापडत नाही म्हणून लोक डेटाबेसचा 5432 पोर्ट कंपोज फाईलमध्ये बाहेर उघडतात. त्याची गरजच नसते, एकाच नेटवर्कमधले कंटेनर एकमेकांना त्याशिवाय भेटतात. पोर्ट उघडणं हे बाहेरच्यांसाठी असतं. लॅपटॉपवर फरक कळत नाही. तीच फाईल सर्व्हरवर गेली की पोर्ट सगळ्या बाजूंनी उघडतो, आणि उबुंटूवर यूएफडब्ल्यूची फायरवॉल लावलेली असली तरी डॉकरचे नियम तिला वळसा घालून जातात. डॉकरच्या अधिकृत माहितीतच हा इशारा आहे. फायरवॉल म्हणते बंद, जगाला दार उघडं. आत असतात कुणाचे तरी आजारपणाचे कागद, कुणाचे तरी फोन नंबर. समोरचा दुवा जुळला, पडदा हिरवा झाला, म्हणून सगळे घरी गेलेले असतात. 'चाललं ना, मग बस' या वाक्याची मला भीती वाटते. का चाललं हे ज्याला सांगता येत नाही, त्याने दुरुस्ती केलेली नाही, फक्त लक्षण घालवलं आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. साधनांनीच हे सगळं लपवायला हवं, प्रत्येक विद्यार्थ्याने नेटवर्क का शिकावं? विजेचा दिवा लावणाऱ्याला ट्रान्सफॉर्मर कळावा लागत नाही. यात तथ्य आहे, आणि साधनं सुधारलीही आहेत. सुरुवातीला कंटेनर एकेक करून हाताने जोडावे लागत. नावांची वही आपोआप मिळणं ही त्या मानाने मोठी सोय आहे. मॅक आणि विंडोजवर कंटेनर एका लपलेल्या लिनक्स यंत्रात चालतात आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही, हीही सोयच. पण सोय वाढली की 'इथे'चा अर्थ आणखी धूसर होतो. कंटेनरमधून लॅपटॉपला हाक मारायला डॉकर डेस्कटॉपने 'होस्ट डॉट डॉकर डॉट इंटर्नल' असं तयार नाव दिलं आहे. मॅकवर ते चालतं. त्याच प्रोजेक्टला लिनक्स सर्व्हरवर नेलं की ते नाव कुणाला ठाऊक नसतं, वेगळी नोंद करावी लागते. साधन अंतर लपवू शकतं, मिटवू शकत नाही. सन मायक्रोसिस्टम्समध्ये काम केलेले पीटर डॉइच यांनी 1994 च्या सुमाराला अशा गोड गैरसमजांची यादीच केली होती. नेटवर्क भरवशाचं असतं हा तिच्यातला पहिला. तीस वर्षांत यंत्रं ओळखू येणार नाहीत इतकी बदलली, पण त्या यादीतलं काही खोडता आलेलं नाही.

हे फक्त नवशिक्यांचंही दुखणं नाही. 20 ऑक्टोबर 2025 रोजी, नरक चतुर्दशीच्या दुपारी, जगभरातली असंख्य ॲप्स एकाएकी बंद पडली. ॲमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात डायनॅमोडीबी या डेटाबेस सेवेच्या नावापुढची पत्त्याची नोंद कोरी झाली होती. नोंदी अद्ययावत ठेवणाऱ्या दोन स्वयंचलित कामांची वेळ एकमेकांवर आली आणि एकाने दुसऱ्याचं लिहिलेलं पुसलं. डेटाबेस होता, नाव होतं, नावावरून घर सापडत नव्हतं. त्या मुलीच्या ब्राउझरने जे वाक्य तिला ऐकवलं, तेच त्या दुपारी हजारो यंत्रं एकमेकांना ऐकवत होती.

म्हणून मला शिकवण्याची पद्धत बदलायला हवी असं वाटतं. आपल्याकडे कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय सात थरांची नावं पाठ करून पास होता येतो. परीक्षेत बिघडलेलं नेटवर्क देऊन 'यात काय झालं आहे ते शोध' असं विचारणारा पेपर मी पाहिलेला नाही. मुलांना चालणाऱ्या गोष्टी दाखवल्या जातात, आणि आयुष्यभर काम मात्र बंद पडलेल्या गोष्टींशी असतं. शिवाय मराठी माध्यमातून आलेली मुलं एररच्या इंग्रजी ओळीला घाबरून ती ओलांडून जातात, हे मी अनेकदा पाहिलं आहे. ती ओळ मोठ्याने वाचायला लावली, आणि 'आता हेच आपल्या भाषेत सांग' म्हटलं, की निम्मं काम होतं. 'रिफ्यूज्ड' म्हणजे नकार. नकार द्यायला कुणीतरी तिथे असावं लागतं. हे मराठीत म्हटल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो मी पाहिला आहे. उत्तर तयार करून देणारी साधनं आता हाताशी आहेत, मीही ती वापरते. पण कंटेनर कुणाच्या घरात आहे आणि ब्राउझर कुणाच्या, हे आपण सांगितल्याशिवाय त्यांनाही कळत नाही. प्रश्न अर्धा विचारला तर उत्तरही अर्धंच येतं.

त्या संध्याकाळी मुलीने कागदावर आधी तीन चौकोन काढले. त्यांच्याभोवती एक मोठा चौकोन, कंपोजचं नेटवर्क. मग पेन थांबलं. बराच वेळ ती कागदाकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. मग तिने मोठ्या चौकोनाच्या बाहेर, कागदाच्या अगदी कडेला, चौथा चौकोन काढला, त्यात 'ब्राउझर' लिहिलं, आणि तिथून आत येणाऱ्या बाणावर 3000 हा आकडा घातला. डेटाबेसकडे जाणाऱ्या बाणावर 'डीबी' लिहिलं. मग कंपोज फाईल उघडली आणि पोस्टग्रेसपुढची पोर्टची ओळ, जी मी दाखवलीही नव्हती, ती खोडून टाकली.

"मॅडम, बाहेरून डीबीकडे बाणच नाहीये," ती म्हणाली.